मोबाइलवरचा सल्ला आणि छातीतली कळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हृदयविकाराविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न मोबाइलवर आलेल्या एखाद्या संदेशामुळे किंवा व्हिडिओमुळे पडलेले आहेत. म्हणून या वेळी तीच पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटाचा मी ॲडमिन आहे. छातीत दुखू लागल्यास जोरजोरात खोकावे, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी, गरम पाण्यात लिंबू पिळून प्यावे, असे संदेश गटावर सतत येतात. गेल्या उन्हाळ्यात भावकीतील एका गृहस्थांना रात्री त्रास सुरू झाला. घरच्यांनी गॅस समजून सोडा दिला, नंतर हे उपायही करून पाहिले आणि पहाटे दवाखाना गाठला. ते वाचले, पण हृदय कमकुवत झाले आहे. गटावर काय राहू द्यावे आणि काय काढून टाकावे?
(एक शिक्षक, तालुका गेवराई, जिल्हा बीड)

उत्तर : छातीत दुखणाऱ्या माणसाला हा संदेश ईसीजीच्या यंत्रापर्यंत लवकर पोहोचवतो की घरातच थांबवून ठेवतो, एवढे पाहिले तरी आपला निर्णय सोपा होईल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी होऊन ती बंद पडते, तेव्हा हृदयविकाराचा झटका येतो. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरू लागतो, पुढील काही तास हे नुकसान पसरत जाते आणि मेलेला स्नायू पुन्हा कामाला लागत नाही. आपल्या भावकीतील गृहस्थांच्या बाबतीत रात्रीचे ते तासच महागात पडले असण्याची शक्यता मोठी आहे. दुखणे पित्ताचे आहे की हृदयाचे, हे घरी बसून डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सोडा देणाऱ्या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

खोकण्याचा संदेश अनेक वर्षांपासून फिरत आहे. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासण्याच्या खोलीत, ईसीजीच्या पडद्यावर लक्ष ठेवून असलेले डॉक्टर एखाद्या रुग्णाला क्वचित काही क्षण जोराने खोकायला सांगतात, त्यावरून हा समज पसरला असावा; घरी खोकत बसल्याने धमनीतील गुठळी विरघळत नाही आणि मदतीसाठी फोन करण्याची वेळ मात्र निघून जाते. लिंबूपाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. सॉर्बिट्रेट हे खरे औषध आहे, पण ते रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब खाली आणते. झटक्याच्या वेळी ज्याचा रक्तदाब आधीच उतरला आहे, किंवा ज्याने मागील एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल अथवा टाडालाफिलसारखी लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतली आहे, त्याला ते घातक ठरू शकते. ज्याला त्याच्या डॉक्टरने ती गोळी लिहून दिली आहे त्याने ती बसूनच घ्यावी. शेजाऱ्याच्या खिशातील गोळी घेऊ नये.

ॲस्पिरिनची गोष्ट निराळी आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. म्हणून झटक्याची शंका असल्यास ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून घेण्यास सांगितले जाते. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, अथवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळे पडले असतील, तर ती देऊ नये. गोळी वाटेत घेण्यासाठी असते. ती देऊन बरे वाटते का याची वाट पाहत बसणे म्हणजे पुन्हा तीच चूक होय.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गेवराईकडची माणसे अशा वेळी ‘थेट संभाजीनगरलाच नेऊ’ असे म्हणतात, कारण मोठ्या शहरावर त्यांचा विश्वास असतो. परंतु अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद धमनी फुग्याने उघडणे, १२० मिनिटांच्या आत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी जवळच्या रुग्णालयात देऊन नंतर पुढे हलवावे, अशी जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे आहेत. स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज ही ती इंजेक्शने असून पहिल्या तीन तासांत त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. तेव्हा ईसीजी न काढता जवळचे बीडचे जिल्हा रुग्णालय सोडून शंभर किलोमीटरच्या प्रवासाला निघणे शहाणपणाचे नाही. रात्री-अपरात्री ईसीजी कोठे निघतो आणि हे इंजेक्शन कोठे मिळते, याची चौकशी आपण आजच करावी आणि तीच माहिती गटावर कायमची वर लावून ठेवावी.

सोबत चार ओळी पुरेत : छातीच्या मध्यभागी दाब किंवा कळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसे न दुखता केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवाही असू शकतो. अशा वेळी रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये, १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची (वय ६२) आठ महिन्यांपूर्वी लातूरला अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात आणि स्मरणशक्ती जाते, असा एक व्हिडिओ पाहून त्यांनी ती गोळी बंद केली. पाय दुखायचे ते थांबले, असेही ते सांगतात. आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सोडायचे त्यांच्या मनात आहे. घरात सुनेने बोललेले त्यांना पटत नाही.
(एक वाचक, उदगीर, जिल्हा लातूर)

उत्तर : सर्वांत आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी सांगतो, कारण त्या सोडण्यात धोका तातडीचा आहे. झटक्यानंतर स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या रुग्णाला ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशा दोन गोळ्या साधारण वर्षभर दिल्या जातात. त्या मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते, आणि तसे झाल्यास रुग्ण दगावण्याचे प्रमाण मोठे असते. दात काढायचा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असली, तरी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय या गोळ्या थांबवू नयेत.

कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे स्टॅटिन वर्गातील गोळीने काही जणांचे स्नायू खरोखरच दुखतात. व्हिडिओतील तेवढा भाग खोटा नाही, आणि म्हणूनच तो पटतो. पण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी अशाच त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने रिकाम्या बाटल्या दिल्या. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास जाणवला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही जाणवला. त्रास खरा होता, पण त्याचे मूळ बहुतांशी भीतीत होते. सासऱ्यांचे पाय खोटे दुखत होते, असे मला म्हणायचे नाही. स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके ही रक्ताची तपासणी करावी, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व पाहावे. गरज पडल्यास डॉक्टर मात्रा कमी करतील, दुसरी स्टॅटिन देतील किंवा एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे वेगळे औषध जोडतील. स्टेंट बसवलेल्या रुग्णाचे एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली असावे असे युरोपीय तज्ज्ञ म्हणतात, आपल्याकडील तज्ज्ञ तर ५० सांगतात. गोळी सोडून तेथवर पोहोचणे बहुतेकांना जमत नाही.

सुनेचे ऐकायचे नसेल तर नसो. ज्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी केली त्यांच्याकडे सासऱ्यांना तोच व्हिडिओ घेऊन जाऊ द्यावे आणि त्यांच्यासमोरच तो लावावा. रुग्णाने असे विचारले म्हणून रागावणारे डॉक्टर असतात, हे मला माहीत आहे; तरीही विचारावे.

प्रश्न : हृदयरुग्णांच्या एका ऑनलाइन गटात मी वडिलांचा ईसीजी आणि टू-डी इकोचा अहवाल टाकला. दहा जणांनी दहा सल्ले दिले. असे करणे योग्य आहे का?
(एक तरुण वाचक, जिंतूर, जिल्हा परभणी)

उत्तर : अशा गटांचा उपयोग मी नाकारत नाही. बायपासनंतर छातीची जखम किती दिवस ओढ घेते, पुन्हा शेतात जायला केव्हा जमले, सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रे कशी जुळवली, हे ज्याने भोगले आहे तोच नीट सांगतो आणि डॉक्टरांच्या ते अनेकदा ध्यानातही येत नाही. मात्र ईसीजी वाचणे हे त्या गटाचे काम नव्हे. झटक्याच्या सुरुवातीला पहिला ईसीजी सर्वसाधारण दिसू शकतो, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, जुन्या ईसीजीशी ताडून पाहतात आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करतात. ‘नॉर्मल दिसतोय’ असे गटावर कोणी लिहिले आणि तुमचे वडील घरीच राहिले, तर त्या माणसावर कसलीही जबाबदारी येत नाही. तोच फोटो प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी परभणीच्या किंवा नांदेडच्या तज्ज्ञांना पाठवला, तर मात्र त्याने जीव वाचतो, कारण तेथे दोन्ही बाजूंना रुग्णाची माहिती असलेला डॉक्टर असतो.

ऑनलाइन सल्ला हवाच असेल, तर २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टरांना तो देता येतो, आणि औषधाच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे आणि आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत तिचा लाभ घेता येतो. छातीत दुखत असताना मात्र हा मार्ग धरू नये. अहवालावर वडिलांचे नाव, मोबाइल क्रमांक, कधी आधार क्रमांकही असतो. टाकलेला फोटो शक्य असल्यास आज काढून घ्यावा.

प्रश्न : एका प्रसिद्ध हृदयशल्यविशारदांच्या व्हिडिओत, आले, लसूण, लिंबू आणि सफरचंदाच्या व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉकेज उघडते असे सांगून तो विकला जातो. घ्यावा का?
(एक वाचक, परतूर, जिल्हा जालना)

उत्तर : घेऊ नये. नामवंत डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज वापरून केलेले बनावट व्हिडिओ हल्ली सर्रास फिरतात. हृदयरोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे अशी जाहिरात खऱ्या डॉक्टरची असली तरी ती बेकायदाच ठरते. भाजीतला लसूण खुशाल खावा.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला (वय २३) संधिवातामुळे हृदयाच्या झडपेचा आजार आहे. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याने दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले. दिवाळीनंतर ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, तेव्हा ते चुकते. मोबाइलची यात काही मदत होईल का?
(एक आशा कार्यकर्ती, तालुका वडवणी, जिल्हा बीड)

उत्तर : या महिन्यातील सर्व पत्रांत मोबाइलचा सर्वांत चांगला उपयोग आपणच करू शकाल. लहानपणी झालेल्या घशाच्या जंतुसंसर्गानंतर संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून झडपेचा हा आजार उद्भवतो. प्रत्येक नव्या संसर्गाने झडप आणखी खराब होऊ शकते, आणि ते रोखण्यासाठीच हे इंजेक्शन असते. बहिणीला आज काहीच त्रास नसेल, म्हणून ते चुकल्याचे टोळीत कोणाला जाणवत नाही. इंजेक्शन अनेक वर्षे, पुष्कळदा चाळिशीपर्यंत, घ्यावे लागते.

तिच्या मोबाइलमध्ये दर एकवीस दिवसांची आठवण लावून द्या आणि तीच आपल्याही मोबाइलमध्ये लावा, म्हणजे फडात रेंज नसली तरी संध्याकाळी फोन करून विचारता येईल. आजाराचे नाव, इंजेक्शनचे नाव व मात्रा, शेवटची तारीख आणि ॲलर्जी नसल्याची नोंद असलेल्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो तिच्याजवळ, नवऱ्याजवळ आणि आपल्याजवळ असू द्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत न्यावा, कारण अनोळखी आरोग्य केंद्रातील डॉक्टर केवळ तोंडी सांगण्यावर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. जाण्यापूर्वी कारखान्याजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र शोधून तेथील आशाताईंशी आपण स्वतः बोलावे. इंजेक्शनच्या दिवशी तिने उपाशी जाऊ नये, पाणी पिऊन जावे आणि ते आडवे पडून घ्यावे. झडप फारच आकुंचित असेल, तर इंजेक्शनऐवजी गोळ्या द्याव्यात का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी दोन गोष्टी आहेत. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर त्याआधी इको तपासणी करून घ्यावी, कारण आकुंचित झडपेवर गरोदरपणात मोठा ताण येतो. आणि झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होते. तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. टोळी कर्नाटकात जाणार असेल, तर रेशन कार्ड आणि आधार गावाकडे पेटीत न ठेवता त्यांच्या प्रती सोबत द्या आणि शस्त्रक्रियेची गरज कोणी सांगितल्यास ती परत येऊन अंबाजोगाईलाच दाखवेल, हे मुकादमालाही आधीच सांगून ठेवा.