मानपत्रात नसलेला पोऱ्या

“एवढी शाबासकी मिळाली, तरी हे तोंड पाडून का बसतात?” असं विचारणाऱ्या बायका, आया मला समुपदेशनाच्या कामात अधूनमधून भेटतात. या वेळी विचारणारी बोटीवरच्या एका स्टुअर्डची, म्हणजे जेवणखाण बघणाऱ्याची, बायको होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

बोटीला आग लागली. पाण्याचा पाइप धरलेला ऑइलर (इंजिनाचं तेलपाणी बघणारा खलाशी) कोसळला, तो पाइप याने उचलला. आग विझली, ऑइलर मात्र गेला. कंपनीने याला प्रशस्तिपत्र दिलं. सासऱ्यांनी हौसेने फ्रेम करून आणली, याने ती कपाटामागे सारली.

झोप नीट होती, दचकून उठणं नव्हतं. नाहीतर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं.

“त्यात तुमची काय चूक?” असं पहिल्याच भेटीत मी बोलून गेले. घाई केली. पुढची दोन सत्रं तो पावसापाण्यावर बोलला.

मग रॉबर्ट ब्लेकची गोष्ट काढली. एरवी इतिहास टाळते, समोरच्याला प्रवचन वाटतं. पण ब्लेकही स्टुअर्डच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामीतून निसटून तो उत्तरेच्या नौदलात आला, ‘मार्बलहेड’ गनबोटीवर कप्तानाच्या दिमतीला लागला. 25 डिसेंबर 1863, ऐन नाताळ. साउथ कॅरोलिनातल्या स्टोनो नदीत बोट असताना काठावरून तोफा सुटल्या. ब्लेकला लढाईत काहीच काम नेमलेलं नव्हतं. खाली जाऊन बसता तर कुणी बोललं नसतं. तोफेला दारू पुरवणारा पोऱ्या गोळ्याने मेला आणि ब्लेक त्याच्या जागी पेट्या वाहू लागला. शेवटी शत्रू एक तोफ टाकून हटला. एप्रिल 1864 मध्ये ब्लेकला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक, मिळालं. हे पदक प्रत्यक्ष हाती पडलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

न नेमलेलं काम अंगावर घेणं, यावर मला बोट ठेवायचं होतं. याचं लक्ष दुसरीकडेच.

“मॅडम, त्या पोऱ्याबद्दल काय लिहिलंय?”

“मानपत्रात त्याचा उल्लेख नाही.”

“माझ्या कागदावर पण आमच्या ऑइलरचं नाव नाही.”

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. ऑइलरच्या घरी त्याने एकदाही फोन केला नव्हता, ते तेव्हा कळलं. बायकोला मी एवढंच सांगितलं, फ्रेम सध्या आहे तिथेच राहू दे.

महिन्याभराने तो स्वतःच ऑइलरच्या गावी जाऊन आला. ऑइलरच्या आईने आगीचं काही विचारलंच नाही. “त्या दिवशी जेवला होता का रे तो?” एवढंच.

ते याला ठाऊक होतं. सकाळचे पोहे यानेच वाढले होते, ऑइलरने दोनदा मागून घेतले होते.