शिक्षण वाईट म्हणून जायचं, की जायचंच आहे म्हणून शिक्षण वाईट?

तू लिहिलंयस की टीईच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गातली निम्मी मुलं ‘इथल्या डिग्रीत दम नाही, बाहेरच जायचं’ म्हणतात, मग तूही आत्तापासून जर्मनीच्या मागे लागावंस का? मी महाराष्ट्रातल्याच एका संलग्न कॉलेजातून बीई केलं, मग स्टुटगार्टला मास्टर्स, आणि आता इथेच नोकरी करतो. ज्युनियर्स हाच प्रश्न सारखा विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

तक्रार खोटी नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर, आदल्या रात्रीच्या झेरॉक्स, सीनियरच्या फाइलवरून उतरवलेलं सबमिशन, एक्स्टर्नलच्या चहा-नाश्त्यात उरकलेली ओरल, हे सगळं मीही केलंय. वर अनुदानित कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि त्या भरून काढायला तासिका तत्त्वावरचे सर. ज्यांना तासाचे पैसे मिळतात आणि तेही रखडून, त्यांनी संध्याकाळी लॅबमध्ये थांबून तुझा प्रोग्राम का तपासावा? मला त्यांचा राग येत नाही.

पण मुलं जातात ती यामुळेच, हे मला पटत नाही. पवईच्या आयआयटीतली जातात, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतली जातात. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, २००८ पर्यंत मुंबई विद्यापीठाचाच विभाग होती, म्हणजे विद्यापीठातही उत्तम शिकवता येतं. तिथली मुलंही पूर्वापार जात आली आहेत. त्यांचं शिक्षण कुणी वाईट म्हणणार नाही. बहुतेकांना ओढतो तो पगार आणि मोकळेपणा. सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास किती वर्षं घुटमळतंय, हे प्लेसमेंट सेलमध्ये विचार. पैशासाठी जाण्यात काही गैर नाही. घरी मात्र ‘तिकडे शिक्षण चांगलं’ असंच सांगितलं जातं, आणि हळूहळू आपलाही त्यावर विश्वास बसतो. मग कोर्स निवडताना अभ्यासक्रम कुणी उघडून बघत नाही.

म्हणून आधी ठरव, शिकायला जायचंय की स्थायिक व्हायला. दोन्ही चालेल, पण त्यासाठी चौकशी वेगवेगळी करावी लागते.

शिकायचं असेल तर इथली, म्हणजे जर्मनीतली, पद्धत समजून घे. बहुतेक विषयांना हजेरी नाही, टर्मवर्कचे फुकटचे मार्क नाहीत, सेमिस्टरअखेर एकच परीक्षा. बऱ्याच विद्यापीठांत तीनच संधी मिळतात, आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झालास की कोर्समधून बाहेर. केटी पुढे ढकलत नेणाऱ्याला हे फार जड जातं. प्रश्न सिद्धता मांडायला लावणारे येतात, ‘शॉर्ट नोट लिहा’ नसतं. आपल्याकडे एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) नुसतं पास होण्यापुरतं केलेली हुशार मुलंसुद्धा इथे पहिल्या सेमिस्टरला गटांगळ्या खातात. आणि खरोखर शिकायचंच असेल, तर गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी किंवा आयआयएससीत एमटेक हा पर्याय कुणी का घेत नाही? महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, घर तारण ठेवावं लागत नाही. यावर जो गप्प होतो, त्याला शिकायला जायचं नसतं, एवढं मी ओळखून आहे.

स्थायिक व्हायचं असेल तर रँकिंगपेक्षा व्हिसाचे नियम आधी वाच. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० ची. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ग्रीन कार्डात एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांहून जास्त वाटा द्यायचा नाही अशी अट असल्यामुळे भारतीयांची रांग हलत नाही. जर्मनीत डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. इथल्या पदवीधराने दोन वर्षं पदवीला साजेशी नोकरी केली आणि बी-वन म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन आलं, की कायमच्या परवान्याचा मार्ग खुला होतो. गोम त्या जर्मनमध्येच आहे. कोर्स इंग्रजीत होतो, पण नोकरीच्या बहुतेक जाहिराती जर्मनमध्ये असतात, आणि मंदी आली की इंग्रजीवाल्यांचे अर्ज आधी बाजूला पडतात.

‘जर्मनीत फुकट’ हेही अर्धंच खरं. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टीयूएम या तंत्रज्ञान विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ते पैसे महिन्याच्या हप्त्याने तुलाच मिळतात, पण उभे तर करावे लागतात.

तुझ्या जागी मी असतो तर आत्ता रविवारच्या बॅचला जर्मन सुरू केलं असतं, बीईचा प्रोजेक्ट विकत न आणता स्वतः केला असता आणि गेटचा फॉर्मही भरला असता. कन्सल्टन्सीला पैसे देऊ नकोस, अर्ज स्वतः करता येतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र, सक्तीचं आहे. त्यासाठी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, त्यामुळे कुठली हरवली असेल तर डुप्लिकेटचा अर्ज या सुट्टीतच करून टाक.