प्लेनर बोर्डावर क्रँकबेट: गुंता का होतो आणि मासा लागलेला का कळत नाही

तुमची तक्रार थोडक्यात अशी: चालत्या होडीमागे गळ ओढताना दोन्ही बाजूंना दोन-दोन इनलाइन प्लेनर बोर्ड (लाइनीवरच अडकवायच्या, लाइन होडीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळ्या), चारही काठ्यांवर सारखीच क्रँकबेटं (ओढली की पाण्यात खाली बुडी मारणारे माशाच्या आकाराचे नकली आमिष), पंचेचाळीस मीटर लाइन सोडलेली. सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे पाच-सहा मीटरवर दिसतात, पण दिवसभरात एखादाच लागतो. होडी वळवली की गुंता, आणि मासा लागलाय हे कधीकधी लाइन गुंडाळून घेतल्यावर कळतं. म्हणून महागातले बोर्ड घ्यायचा विचार चाललाय. एवढ्यात घेऊ नका. आहेत ते बोर्ड पुरेसे आहेत.

आधी त्या पंचेचाळीस मीटरबद्दल. ती लाइन होडीपासून मोजलेली आहे ना? मग बोर्ड तीस मीटर लांब गेलेला असेल, तर त्याच्या मागे क्रँकबेटला उरली फक्त पंधरा. बोर्ड पाण्यावर तरंगतो, त्यामुळे क्रँकबेट किती खोल जाणार हे ठरतं बोर्ड ते क्रँकबेट एवढ्याच लाइनवर. बोर्ड आणि होडी यांच्यातली लाइन दहा मीटर असो की चाळीस, खोलीत काही फरक पडत नाही. तुमची क्रँकबेटं माशांच्या डोक्यावरून, बरीच वरून चालली आहेत असा माझा अंदाज आहे. मासे वर बघून येतात हे खरं, पण तेवढे वर येतीलच असं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: होडी चालू असताना आधी क्रँकबेट मागे सोडा, रीलच्या काउंटरवर (किती लाइन सुटली ते मोजणाऱ्या आकड्यांवर) आकडा बघा, मग बोर्ड अडकवा. तो आकडा वहीत लिहा. त्यानंतर बोर्ड किती लांब गेला ते वेगळं मोजा. पहिल्या काही मीटरमध्ये क्रँकबेट भराभर खाली जातं, पुढे लाइन सोडत राहिलात तरी खोली थोडीथोडीच वाढते, कारण लाइनलाच पाणी अडवतं. बारीक लाइनला पाणी कमी अडवतं, म्हणून तेच क्रँकबेट बारीक ब्रेडवर (विणलेल्या लाइनीवर) जाड मोनोपेक्षा (एकाच तंतूच्या नायलॉन लाइनीपेक्षा) खोल जातं. पाकिटावरची खोली कुठल्या जाडीच्या, किती लाइनवर मोजली हे लिहिलेलं नसेल, तर तिच्यावर विसंबू नका. तळ माहीत आहे अशा उथळ जागी ओढून बघा. तळाला टेकायला लागलं की खोली कळली.

आता गुंत्याकडे. मोठं कारण वळण नाही, क्रँकबेट सरळ चालत नाही हे असतं. होडीच्या कडेला दोन मीटर लाइनवर, नेहमीपेक्षा जरा जास्त वेगाने ओढून बघा. ते थरथरत सरळ खाली गेलं पाहिजे. एका अंगावर कलत असेल, बाजूला पळत असेल, तर त्याचं नाक आपल्याकडे करून धरा. तुमच्या उजवीकडे पळत होतं, तर लाइन बांधायची कडी पकडीने डावीकडे वाकवा. वाकवायची म्हणजे केसभर, आणि पिळायची अजिबात नाही, नाहीतर कडी सैल होते. पुन्हा पाण्यात, पुन्हा बघा. चार-पाच वेळा करावं लागतं. मी काही क्रँकबेटांवर दहा-दहा मिनिटं घालवली आहेत, आणि एकदोन तर कायमची डब्यात टाकली. हे बोर्डावर जास्त का भोवतं? डाव्या बाजूचं क्रँकबेट उजवीकडे ओढ घेत असेल, तर ते आतल्या, म्हणजे होडीजवळच्या लाइनखाली जाऊन बसतं. होडी वळली की दोन्ही लाइनी एकमेकींना मिठी मारतात.

वळण मात्र मोठं घ्या. वळताना वळणाच्या आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, बाहेरच्या बाजूचा वेग घेतो. फार आखूड वळलात तर आतला जवळजवळ थांबतो, त्याची लाइन सैल पडते आणि शेजारची त्यावर येते. शिवाय एकाच बाजूच्या दोन काठ्यांत उथळ चालणारं क्रँकबेट होडीपासून लांबच्या, बाहेरच्या बोर्डावर आणि खोल जाणारं होडीजवळच्या, आतल्यावर ठेवा. बाहेरच्याला मासा लागला की तो बोर्ड आतल्याच्या मागे पडू द्या, मग आतल्या लाइनीच्या वरून मासा आणा.

या वळणाचा एक फायदाही आहे. वळताना आतल्या बोर्डावर मासा लागला तर वेग कमी हवा, बाहेरच्यावर लागला तर जास्त. पाणी थंड असेल तर ताशी अडीच-तीन किलोमीटरने सुरुवात करा, कोमट असेल तर तीन-चारने. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो. प्रवाह असेल तर तोच आकडा दाखवत असताना प्रवाहासोबत क्रँकबेट लोळत जाईल आणि उलट दिशेला जोरात धावेल.

मासा लागलेला न कळणं हे काठीकडे बघत राहिल्याने होतं. सवयीने नजर काठीच्या टोकावर जाते, पण तिथे आता बोर्डाची ओढ आहे, क्रँकबेटची थरथर पोचत नाही. बघायचं ते बोर्डाकडे, तेही शेजारच्या बोर्डाशी तुलना करून. मोठा मासा बोर्डाला मागे खेचतो, त्यात चुकत नाही. लहान मासा किंवा तीन तोंडांच्या गळाला अडकलेलं पान मात्र बोर्ड फक्त हातभर मागे, जरा आत आणतं. मी एकदा तळहाताएवढा मासा अर्धा तास ओढत फिरलो आणि वर ‘आज मासाच नाही’ म्हणून सोबत्याकडे कुरकुर करत होतो. तेव्हापासून बोर्ड जागेवरून थोडा जरी सरकला की लाइन आत घेऊन बघतो. दहात सात वेळा पान निघतं, हरकत नाही.

लागल्यावर काठीला झटका देऊ नका, होडीच्या ओढीने गळ बसलेला असतो. होडी मंद चालू ठेवा, एकसारखं गुंडाळत राहा. काठी खालीवर करू नका. बोर्ड हाताशी आला की सोबत्याने तो काढायचा, तेव्हाही काठी वाकलेलीच राहू द्या. मासे सुटतात ते बहुतेक याच क्षणी, सैल पडलेल्या लाइनीमुळे. ब्रेड वापरत असाल तर तो ताणत नाही, म्हणून ड्रॅग (मासा जोर लावेल तेव्हा लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) हलका ठेवा. आणि ब्रेड बोर्डावरच्या, लाइन धरून ठेवणाऱ्या क्लिपमधून सरकतो, तेव्हा अडकवताना क्लिपच्या रबरावर एक वेढा घ्या.

पुढच्या फेरीत चारच्या दोनच काठ्या लावा. दोन्हीकडे तेच क्रँकबेट, तीच लाइन, पण एका बाजूला बोर्डामागे वीस मीटर आणि दुसऱ्या बाजूला तीस. वेग तोच. कुठल्या बाजूला मासा लागतो ते बघून दुसरी बाजू त्या आकड्यावर आणा, आणि मगच तिसरी काठी लावा.