पंख्याच्या पात्यावरची धूळ उडून का जात नाही?

प्रश्न : छताचा पंखा दिवसभर वेगाने फिरत असूनही महिन्याभरात त्याच्या पात्यांवर धुळीचा थर साचतो. एवढ्या वाऱ्यात ती उडून कशी जात नाही? घन पृष्ठभागाला टेकलेली हवा त्या पृष्ठभागाच्या मानाने हलतच नाही, असे वाचनात आले. हे शब्दशः खरे मानायचे का? आणि पंख्याचा वेग वाढवला तर धूळ निघेल का?

उत्तर : आपल्या वाचनात आले ते जवळजवळ शब्दशः खरे आहे, ‘जवळजवळ’ का, ते पुढे येईलच. द्रव आणि वायू यांना मिळून द्रायू म्हणतात. वाहत्या द्रायूचा घन पृष्ठभागाला लागून असलेला थर त्या पृष्ठभागाच्याच वेगाने जातो, म्हणजे पृष्ठभाग स्थिर असेल तर तो थरही स्थिर आणि पाते फिरत असेल तर थरही पात्याबरोबर फिरतो. यालाच ‘नो-स्लिप’ म्हणजे न घसरण्याची अट म्हणतात. पृष्ठभागापासून दूर जावे तसा पृष्ठभागाच्या मानाने हवेचा वेग शून्यापासून वाढत जाऊन मुख्य प्रवाहाच्या वेगाला मिळतो, आणि ही वाढ ज्या पातळ पट्ट्यात होते तो सीमास्तर.

तुमच्या पंख्याचाच हिशेब करू. पात्याचे टोक मध्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असे धरले, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो. पात्याच्या पुढच्या कडेपासून १० सेंटीमीटर मागे सीमास्तराची जाडी साधारण दीड मिलिमीटर निघते. धुळीचा कण १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असेल, तर त्याच्या माथ्याशी हवेचा पात्याच्या मानाने वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटीमीटर भरतो. बाहेर १९ मीटरचा वारा असताना कणाच्या वाट्याला त्याचा एक टक्का येतो. (हा हिशेब सपाट पाते आणि संथ, थरांतून वाहणारी हवा गृहीत धरून केला आहे. प्रवाह खळबळता झाला की आकडे बदलतात, पण पात्यालगत हवा मंदच राहते.) एवढ्या झुळकीने कण हलत नाही, कारण त्याला पात्याशी धरून ठेवणारी रेणूंमधील आकर्षणे आणि स्थिर विद्युतभार त्या मानाने बरेच बलवान असतात. पुढच्या कडेवर मात्र सीमास्तर सर्वांत पातळ असूनही धूळ तिथेच जास्त दिसते. तिथे हवा कडेला वळसा घालून निघून जाते, पण जड कणांना तेवढे चटकन वळता येत नाही आणि ते थेट कडेवर आदळतात.

आता ही अट येते कुठून? ती न्यूटनच्या नियमांमधून आपोआप निघत नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी ठासून सांगितली जात नाही. फ्रेंच अभियंते नाव्हिए यांनी १८२०च्या दशकात द्रायू पृष्ठभागावर थोडा घसरत असावा असे मांडले होते, आणि ब्रिटिश गणितज्ञ-भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनाही १८४५च्या सुमारास याबाबत लगेच निश्चित निर्णय घेता आला नव्हता. निकाल लागला तो प्रयोगांनी. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलते, असे जर्मन अभियंते हागेन आणि फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या मोजमापांत आढळले होते. भिंतीशी लक्षणीय घसरण असती, तर नळी जितकी अरुंद तितका हा नियम अधिक बिघडायला हवा होता. भिंत रेणूंच्या पातळीवर खडबडीत असते, तिच्यावर आदळणारे रेणू आपला पुढे जाण्याचा वेग तिथे गमावून वाटेल त्या दिशेला परततात, आणि म्हणून भिंतीलगत सरासरी वेग शून्यावर येतो, असे याचे स्पष्टीकरण आहे.

घर्षण वगळून केलेल्या गणितात वाहत्या द्रायूतील वस्तूवर काहीच रोध येत नाही, असे फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५२मध्ये दाखवले होते, आणि हे तर उघडच अनुभवाच्या विरुद्ध होते. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडली तेव्हा ही गाठ सुटली : श्यानता, म्हणजे द्रायूचे अंतर्गत घर्षण, कितीही कमी असली तरी भिंतीलगतच्या पट्ट्यात ती दुर्लक्षून चालत नाही.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे, की वायूंमध्ये भिंतीशी थोडी घसरण असतेच, आणि तिचे प्रमाण दोन टकरींमध्ये रेणू सरासरी किती अंतर जातो यावर ठरते. आपल्या भोवतीच्या हवेत हे अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने घसरण जाणवत नाही. १०० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत मात्र ते सुमारे १४ सेंटीमीटर होते आणि तिथे ही अट सोडून द्यावी लागते.

वेग वाढवण्याबद्दल सांगायचे तर, वेग दुप्पट केल्यास सीमास्तर निम्मासुद्धा होत नाही, कारण त्याची जाडी वेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. कणाच्या माथ्याशी वारा वरच्या हिशेबाने सेकंदाला ६० सेंटीमीटरच्या आसपास पोहोचेल. काही मोठे कण त्याने निघतीलही, बारीक धुळीसाठी मात्र ओले फडकेच घ्यावे लागेल.