गोळे टेकलेत तरी उष्णतेचं रेडिएशन का धरायचं?

प्रश्न: सर, मी सांगलीत मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहे, प्रोजेक्टला पेबल बेड अणुभट्टीचं (जिच्यात इंधन भरलेल्या गोळ्यांचा ढीग असतो) सिम्युलेशन घेतलंय. गोळे एकमेकांना टेकलेलेच असतात ना, मग उष्णतेसाठी नुसतं कंडक्शन (टेकलेल्या जागेतून जाणारी उष्णता) धरलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. गोळे टेकतात ते अगदी ठिपक्याएवढ्या जागेत, आणि रेडिएशन (म्हणजे किरणांनी जाणारी उष्णता) केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे ६०० चं १२०० केल्विन झालं की एकदम १६ पट! चीनमधल्या शिदाओवानच्या भट्टीत ६ सेंटीमीटरचे ग्राफाइटचे गोळे आहेत, उष्णता वाहून नेणारा हेलियम वायू ७५० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, आणि तो फिरवणारे पंखे बंद पडले तर उरलेली उष्णता गोळ्यागोळ्यातून भिंतीपर्यंत जाते ती बरीचशी रेडिएशननेच, म्हणून हा भाग सोडूच नकोस, सेफ्टी बरीचशी त्यावर आहे.

लाखो गोळ्यांच्या प्रत्येक जोडीचा व्ह्यू फॅक्टर (एका गोळ्याची किती किरणं दुसऱ्यावर पडतात तो वाटा) काढत बसलास तर कॉम्प्युटर दमेल. आधी काहीशे गोळे डीईएमने (प्रत्येक गोळ्याची हालचाल वेगळी मोजणारी पद्धत) रचून मॉन्टे कार्लोने (यादृच्छिक दिशांना) किरण सोड, मग त्सेनर-बाउअर-श्लुंडरच्या सूत्राने येणाऱ्या इफेक्टिव्ह कंडक्टिव्हिटीशी (पूर्ण ढिगाची मिळून उष्णता वाहण्याची क्षमता) ताडून बघ. भिंतीजवळ रचना सैल असते, तिथे आकडे हमखास फसतात, तो पट्टा वेगळा तपास.