क्यूब्स ओएस लॅपटॉपवर सारखी क्रॅश का होते?

तुम्ही लिहिलंय की क्यूब्स ओएस (प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे क्यूबमध्ये चालवणारी, सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टीम) असलेल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, चार-पाच क्यूब उघडले की मशीन गोठतं आणि कधी झाकण उघडल्यावर स्क्रीन काळीच राहते. माझ्या मते हे दोन वेगळे आजार आहेत.

गोठण्यामागे बहुतेक रॅमच. क्यूब्समध्ये प्रत्येक क्यूब म्हणजे झेन या हायपरव्हायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर) चालणारं स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला संगणक. किमान अट ६ जीबीची असली तरी शिफारस १६ जीबीची आहे, ती मनावर घ्याच. तोवर डोम झीरोमध्ये (बाकी सगळे क्यूब सांभाळणाऱ्या मुख्य भागात) झेनटॉप ही कमांड चालू ठेवून कोण किती मेमरी खातंय ते बघा. जादा रॅम पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कुठेही घ्या, पण आधी लॅपटॉपमधली रॅम बोर्डवर सोल्डर केलेली (कायमची डकवलेली) नाही ना, याची खात्री करा. नवी कांडी बसवली की रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. एक जरी लाल ओळ (म्हणजे चूक) दिसली तरी कांडी परत करा.

काळ्या स्क्रीनचा संशय सस्पेंड आणि ग्राफिक्स ड्रायव्हरवर. आधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग डोम झीरोमध्ये कर्नल-लेटेस्ट (लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती देणारं पॅकेज) टाकून पाहा. नव्या लॅपटॉपवर याचा बऱ्याचदा उपयोग होतो. फरक पडेपर्यंत सस्पेंड न करता मशीन पूर्ण बंद करत जा.

पुन्हा क्रॅश झालं तर रीस्टार्टनंतर लगेच जर्नलसीटीएल या (सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या) कमांडने मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी आणि व्हार-लॉग-झेन या फोल्डरमधला हायपरव्हायझर लॉग काढून इथे टाका, लॅपटॉपच्या मॉडेलसकट. आणि हो, एप्रिलच्या दुपारी गादीवर ठेवून वापरत असाल तर पंख्याची जाळीही साफ करून घ्या.