बागेतले प्रश्न : थंडीला दाद न देणारे मोठे पाम

प्रश्न : घरामागच्या मोकळ्या जागेत उंच, भरघोस आणि लवकर वाढणारा पाम लावण्याची आमची इच्छा आहे. हिवाळ्यात आमच्याकडे काही रात्री पारा शून्याखाली चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. रोपे विकणारे मात्र प्रत्येक पाम थंडी सहन करतो असेच सांगतात. आम्ही कोणता पाम निवडावा?

उत्तर : मोठा आकार, वेगवान वाढ आणि थंडी सोसण्याची ताकद हे तीनही गुण एकाच पाममध्ये पुरेपूर सापडणे दुर्मीळ आहे, हे आधी लक्षात घ्यावे. चिलीचा जुबिया पाम शून्याखाली दहा अंशांच्या थंडीतही तग धरतो आणि त्याचे खोड एक मीटरहून अधिक जाड होते. पण तो इतका सावकाश वाढतो की लावणाऱ्याने त्याचे खोड पाहण्याची घाई करू नये. लंडनच्या क्यू उद्यानातील काचगृहात १८४६ मध्ये बियांपासून वाढवलेला जुबिया छतापर्यंत पोहोचायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. दुसऱ्या टोकाला क्वीन पाम आहे. तो झपाट्याने वाढतो, दिसतोही देखणा, पण शून्याखाली चार-पाच अंशांवर त्याच्या झावळ्या करपतात. म्हणून निवड करताना पानांच्या देखणेपणापेक्षा आपल्या बागेतील सर्वांत थंड रात्र आधी विचारात घ्यावी. हवामानाच्या बातमीतील आकड्यावर विसंबून न राहता पाम जिथे लावायचा आहे तिथेच, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, किमान तापमान नोंदवणारा तापमापक एक हिवाळाभर ठेवावा. उतारावरच्या बागेत थंड हवा पाण्यासारखी खाली वाहून सखल कोपऱ्यात साचते, त्यामुळे एकाच बागेतील दोन जागांत दोन-तीन अंशांचा फरक सहज आढळतो.

आपण सांगितलेल्या थंडीत माझी पहिली पसंती पंख्यासारख्या पानांच्या वॉशिंग्टोनिया पामला राहील, पण त्याच्या दोन जाती नीट ओळखून घ्याव्यात. मेक्सिकोचा वॉशिंग्टोनिया रोबस्टा उंच, सडपातळ असतो. भरपूर ऊन आणि पाणी मिळाले तर त्याचे खोड वर्षाला अर्धा ते एक मीटर उंच होते, परंतु शून्याखाली पाच-सहा अंशांवर त्याची पाने जळू लागतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी पाणथळ जागांत वाढणारा वॉशिंग्टोनिया फिलिफेरा अधिक जाडजूड असतो, वेगात थोडा मागे पडतो आणि कोरड्या हवेत शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत टिकतो. ‘कोरड्या हवेत’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण थंडी आणि ओल एकत्र आली की फिलिफेराचा गाभा कुजतो. हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस किंवा दाट धुके असेल तर या दोहोंचा संकर घ्यावा. त्यात रोबस्टाचा वेग आणि फिलिफेराची थंडी सोसण्याची ताकद बऱ्याच अंशी एकत्र येते. रोपे पाहताना देठाचे तळ निरखावेत. तिथे तांबूस तपकिरी झाक ठळक असेल तर ते रोप रोबस्टाकडे झुकणारे आहे असे समजावे. देठांच्या कडांना करवतीसारखे काटे असतात, तेव्हा पायवाटेपासून हे झाड दूर लावावे.

पंख्यासारख्या पानांऐवजी नारळासारख्या पिसारेदार झावळ्या हव्या असतील तर ब्यूटिया आणि क्वीन पाम यांच्या संकरातून झालेला म्यूल पाम पाहावा. त्याला ब्यूटियाची थंडी सोसण्याची शक्ती आणि क्वीन पामचा वेग लाभलेला आहे, आणि शून्याखाली आठ अंशांच्या आसपास तो निभावून नेतो. या संकराला रुजणारे बी सहसा येत नाही. प्रत्येक रोपासाठी हाताने परागीकरण करून नव्याने संकर करावा लागतो, म्हणून रोपे कमी मिळतात. कॅनरी बेटांवरचा खजूरवर्गीय पाम आणि आपल्या परिचयाची शिंदी याही सहा-सात अंश उणे तापमान सोसणाऱ्या जाती आहेत. मात्र कॅनरी पामचा पसारा आठ-दहा मीटर रुंद होतो, झावळीच्या बुडाशी लांब, अणकुचीदार काटे असतात आणि सोंड्या भुंग्याला तो फार प्रिय आहे. भुंग्याचा उपद्रव असलेल्या भागात मी तो लावणार नाही.

पारा कधी उणे दहाच्याही खाली जात असेल, तर बाकी सर्व विचार सोडून चीनचा विंडमिल पाम लावावा. पूर्ण वाढलेले झाड उणे पंधरा अंशांच्या आसपासची थंडीही सोसते. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकाने १८४९ मध्ये याची रोपे चीनमधून इंग्लंडला पाठवली, आणि तिथल्या थंड, दमट हवेत हा पाम चांगला रुळला. चीनमध्ये त्याच्या खोडावरील तपकिरी तंतूंपासून दोर, कुंचे आणि पावसात पांघरायचे अंगरखे करत आले आहेत. त्याची वाढ वॉशिंग्टोनियाइतकी वेगवान नाही. पण सकस माती आणि उन्हाळ्यात नियमित पाणी मिळाल्यास खोड वर्षाला पाऊण ते एक फूट चढते, आणि एवढी थंडी सोसणाऱ्या पाममध्ये हा वेग चांगलाच म्हणायला हवा.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनंतर माझ्या वॉशिंग्टोनियाची सर्व पाने तपकिरी झाली आणि मधला न उलगडलेला कोंब हलकेच ओढताच हातात आला. त्याच्या बुडाला कुजका वास होता. झाड मेले असे समजून काढून टाकावे का?

उत्तर : कृपया काढू नये. आपण जे पाहिले ते पाममध्ये सर्वांत गंभीर लक्षण असले तरी तेवढ्यावरून झाड मेले असे ठरत नाही. आंबा किंवा वडाची फांदी तुटली तर शेजारच्या डोळ्यातून नवी फुटते. एकखोडी पामला असा दुसरा डोळा नसतो. त्याची सारी वाढ खोडाच्या टोकाशी, देठांच्या वेढ्यात खोल दडलेल्या एकाच बिंदूतून होते. थंडीने कोंबाचा कोवळा भाग मरतो, मेलेल्या भागात पाणी साचते, त्यात बुरशी व जिवाणू वाढतात आणि कुज वरून खाली त्या बिंदूकडे सरकू लागते. पुष्कळदा झाड थंडीच्या रात्री मरत नाही, नंतरच्या उबदार आठवड्यांत या कुजेने मरते. म्हणून आता आपल्या हाती एकच मोठे काम आहे, ते म्हणजे शेंडा कोरडा ठेवणे.

निघालेल्या कोंबाच्या जागी पडलेली पोकळी आधी पाहावी. आत काळपट, बुळबुळीत लगदा असेल तर तो लांब चमच्याने किंवा कापडाने हळुवार काढावा आणि कडक, पांढरट भाग दिसताच थांबावे. त्यानंतर तांब्याचा अंश असलेले बुरशीनाशक, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात मिसळून पोकळीत ओतावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा तसेच करावे. वारंवार मात्र ओतू नये, कारण जादा तांबे झाडालाच अपाय करते. पाऊस किंवा दव आत जाऊ नये म्हणून वर छोटे छप्पर करावे, पण बाजूंनी वारा खेळता राहू द्यावा. प्लास्टिकने शेंडा गच्च बांधणे ही या अवस्थेतील सर्वांत घातक चूक आहे, कारण आत दमटपणा कोंडून कुज वाढते. थंडीचे दिवस पुरते सरेपर्यंत अर्धवट हिरवी पाने तोडू नयेत. त्यांत उरलेला हिरवेपणा झाडाला अन्न पुरवतो आणि वाळलेली पानेही शेंड्याला थोडाफार आडोसा देतात.

पुढे वाट पाहावी लागते, आणि वाट पाहताना मोजमाप हाती असले की धीर राहतो. माझ्या बागेतील एका वॉशिंग्टोनियावर हाच प्रसंग आला तेव्हा नवे टोक वर येताच मी काळ्या शाईच्या पेनने त्यावर आणि शेजारच्या जुन्या देठावर एकाच रेषेत खूण केली. पहिल्या पंधरा दिवसांत दोन खुणा जागच्या जागी होत्या. तिसऱ्या आठवड्यात कोंबावरची खूण बोटाच्या एका पेराएवढी वर सरकलेली दिसली, आणि तेवढ्यावरून गाभा जिवंत असल्याची खात्री पटली. पहिले पान कात्रीने कापल्यासारखे अर्धेमुर्धे, दुसरे सुरकुतलेले आणि चौथे धडधाकट आले. आपल्याही झाडाची पहिली एक-दोन पाने अशीच विद्रूप येतील, त्यामुळे घाबरू नये. जमीन तापल्यानंतर तीन-चार महिने उलटूनही काहीच हालचाल दिसली नाही, तर मग ते झाड गेले असे समजावे.

पुढच्या हिवाळ्यासाठी थंडीची लाट येण्याआधी एक-दोन दिवस मातीला भरपूर पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब साठवून रात्री सोडते. शेंड्यावर मात्र थेंबही पडू देऊ नये. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. रोप लहान असेल तर झावळ्या वर गोळा करून सैल बांधाव्यात, त्यावर कोरडे गोणपाट गुंडाळावे आणि सकाळी ऊन आले की ते सोडावे.

प्रश्न : भिंतीपासून चार फुटांवर पाम लावल्यास मुळे पायाला धोका करतील का?

उत्तर : पामची मुळे जाड होत जात नाहीत. खोडाच्या तळातून दोरीसारखी असंख्य मुळे फुटतात आणि ती पहिल्या दिवसाइतकीच बारीक राहतात, त्यामुळे वडा-पिंपळासारखी भिंत फोडण्याची भीती नाही. अडचण येईल ती झावळ्यांची. दोन मीटरची झावळी भिंतीला घासत राहील आणि झाड एका बाजूला कलेल. मोठ्या पामसाठी किमान तीन मीटर अंतर ठेवावे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत रात्री साठवलेली ऊब सोडते. थोडी कमी थंडी सोसणारी जात लावायची असेल तर अशी जागा तिच्यासाठी राखून ठेवावी.

प्रश्न : ‘लवकर वाढणारा’ म्हणून आणलेला पाम तीन वर्षांत हातभरही उंच झालेला नाही. खत वाढवावे का?

उत्तर : बहुधा तो वाढत आहे, फक्त आडवा. पामचे खोड उंचीला लागल्यावर आंब्याच्या बुंध्यासारखे वर्षागणिक जाड होत नाही, म्हणून वर चढण्याआधी तो जमिनीलगत आपली पूर्ण जाडी तयार करून घेतो. या काळात पानांची संख्या आणि रुंदी मोजावी, उंची मोजू नये. पाने दरवर्षी मोठी होत असतील तर सर्व ठीक आहे. ती लहान होत असतील तर झाड फार खोल लावले गेले आहे का ते तपासावे. बुंध्याशी माती चढली असेल तर मुळांना हवा कमी पडते आणि लोह, मँगनीज उचलले जात नाही. खत द्यायचेच असेल तर ते उबदार महिन्यांत, जमिनीत ओल असताना द्यावे, आणि त्यात नत्राबरोबर पालाश (पोटॅश) व मॅग्नेशियम भरपूर असावे. नुसत्या युरियाने पाने हिरवीगार दिसतात, पण पालाशची उणीव वाढून जुन्या झावळ्यांवर पिवळट ठिपके येतात. अशा झावळ्या कापू नयेत, कारण नव्या पानांसाठी झाड त्यांतूनच पालाश काढून घेत असते. लागवड किंवा स्थलांतरही हिवाळ्याच्या तोंडावर करू नये. थंड जमिनीत नवी मुळे जवळजवळ धरत नाहीत.

प्रश्न : भेर्ली माड फार वेगाने वाढतो असे ऐकले. थंडीत तो चालेल का?

उत्तर : हलक्या थंडीत चालेल, पण शून्याखाली दोन-तीन अंशांपलीकडे त्याची खात्री देता येत नाही. शिवाय तो एकदाच फुलतो. वरून खाली एकामागून एक पोयी, म्हणजे फुलांचे लोंबते तुरे, सुटत जातात आणि शेवटच्या पोयीनंतर झाड मरते. इतके उंच, वाळलेले खोड नंतर उतरवणे सोपे नसते, आणि त्याच्या फळांच्या रसाने कातडीला तीव्र खाज सुटते. लहान मुले खेळत असलेल्या अंगणात तो लावू नये. मोठ्या आवारात, घरापासून त्याच्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर, अवश्य लावावा.